‘ॲडव्हान्स्ड’मधला खोटा ‘ड’

नाशिकमधल्या इंदिरानगरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलगी नववीत, सेमी-इंग्रजीत. तिच्या क्लासच्या पाटीवर ‘ॲडव्हान्स व्होकॅबलरी बॅच’ असं लिहिलंय, आणि शाळेतल्या बाईंचं म्हणणं की ते ‘ॲडव्हान्स्ड’ हवं. बरोबर कोण? आणि शाळकरी पोरीने ही असली व्होकॅबलरी वाढवायची तरी कशी?

पहिल्या भागाचं उत्तर एका ओळीत संपतं. बाई बरोबर. ‘ॲडव्हान्स’ विशेषणासारखा आला की त्याचा अर्थ वेळेआधीचं: ॲडव्हान्स बुकिंग, ॲडव्हान्स पेमेंट. वरच्या पायरीचं असेल तर ‘ॲडव्हान्स्ड’. क्लासवाले जूनमध्ये फी घेतात ती ॲडव्हान्स; शिकवतील ते ॲडव्हान्स्ड असावं, एवढीच पालकांची अपेक्षा. कॉलेज रोडवरून गंगापूर रोडकडे पाट्या वाचत निघालात तर हा शेवटचा ‘ड’ गाळलेला इतक्या ठिकाणी दिसतो की डोळ्यांना आता तेच बरोबर वाटायला लागलंय. माझ्या अजून डोक्यात जातं. त्याला कारण आहे.

या शब्दात ‘ड’ दोन आहेत. शेवटचा अस्सल. मधला चक्क बनावट. पाटीवाल्यांनी नेमका अस्सल फेकून दिला आणि बनावट जपून ठेवला!

झालं असं. जुन्या फ्रेंचमध्ये क्रियापद होतं ‘अव्हान्से’, पुढे सरकणे. ते आलं उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘अबान्ते’वरून. ‘अब’ म्हणजे पासून, ‘आन्ते’ म्हणजे पुढे, आधी. इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकाच्या आसपास आला तो ‘ड’शिवायच. पुढे सोळाव्या शतकात लॅटिनचं वारं प्यालेल्या पंडितांना वाटलं, सुरुवातीचा ‘अ’ म्हणजे लॅटिनमधला ‘अॅड’ उपसर्गच असणार, अडाणी लोकांनी त्याचा ‘ड’ खाल्ला असणार. मग त्यांनी दुरुस्ती केली. मुळात नसलेला ‘ड’ मध्ये खोचला आणि ‘ॲडव्हान्स’ झालं. त्याच घाण्यात ‘अव्हान्टेज’चं ‘ॲडव्हान्टेज’ झालं. फ्रेंच लोक आजही दोन्ही शब्द ‘ड’शिवाय लिहितात आणि त्यांचं काही अडत नाही.

आपल्या ओळखीचा एक बळी सांगतो. ‘ॲडमिरल’. हा मुळात अरबी ‘अमीर’. आपल्या अमीर-उमरावांमधलाच. फ्रेंचमध्ये आजही ‘अमिराल’. त्यातही ‘ड’ घुसला, कारण लॅटिन जाणणाऱ्यांना तिथे ‘ॲडमायर’चा भास झाला. ‘आयलंड’मधला मुका ‘एस’ही असाच, शेजारच्या ‘आइल’कडून उसना घेतलेला. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला ‘बी’ निदान घराण्यातला तरी आहे. लॅटिन आजोबा ‘डेबिटम’, त्यांच्या नावात ‘ब’ होता. पण चौदाव्या शतकातले इंग्रज ‘बी’शिवाय लिहायचे. तेव्हा तुमच्या मुलीने चाचणीत ‘बी’ गाळला आणि लाल शाईचा गोळा मिळाला तर तिला सांगा, तू सहाशे वर्षं उशिरा जन्मलीस.

आता माझा खरा लाडका भाग. तो ‘आन्ते’. मुलगी रोज तो लिहिते. सकाळचे सात लिहिताना पुढे जे ए.एम. लावते, त्यातला ‘ए’ म्हणजे हाच: ‘आन्ते मेरिडिएम’, मध्यान्हीच्या आधी. ‘मेरिडिएस’ फोडला तर ‘मेडियस’ आणि ‘डिएस’. मेडियस आणि आपला मध्य सख्खे भाऊ, डिएस आणि दिवस एकाच धातूचे. ‘आन्ते’चा भाऊसुद्धा संस्कृतात बसलाय: ‘अन्ति’, समोर, जवळ. म्हणजे मनगटावरच्या घड्याळात आख्खं गोत्र नांदतंय.

त्या ‘आन्ते’ची प्रजा बघा. ‘एन्शन्ट’, म्हणजे प्राचीन, त्याच्यातून आला. ‘ॲन्टिक’ त्याच्यातून आला. ‘ॲन्टिरिअर’ आला. म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड’ आणि ‘एन्शन्ट’ एकाच आजीची नातवंडं. एकाला पुढचं पुढारलेलं दिसलं, दुसऱ्याला पुढचं म्हणजे आधी होऊन गेलेलं. आपल्याकडेही हा घोळ आहेच की. ‘पूर्वी’ म्हणजे मागे होऊन गेलेलं आणि ‘पूर्व’ म्हणजे तोंड करून उभं राहिल्यावर पुढे असलेली दिशा. आणि ‘ॲन्टिसिपेट’? ‘आन्ते’ अधिक ‘कापेरे’, म्हणजे आधीच घेणे, हात घालणे. पेपरात रोज वाचता तो अटकपूर्व जामीन, कोर्टाच्या भाषेत ‘ॲन्टिसिपेटरी बेल’. कोणी केलं माहीत नाही, पण ‘अटकपूर्व’ हे भाषांतर फार नेटकं आहे, ‘आन्ते’ला अचूक ‘पूर्व’. शाळेच्या अर्जाखाली पोरं पाठ करून ‘थँकिंग यू इन ॲन्टिसिपेशन’ खरडतात, तोही तोच. उपकार होण्याआधीच आभार.

इथे ‘आगाऊ’विषयी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. आगाऊ रक्कम आणि आगाऊ कार्टं, दोन्हीला मराठीत एकच शब्द. मुळाशी ‘अग्र’, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्या माहितीतले एक निवृत्त प्राध्यापक मात्र दर भेटीत सांगतात की कार्ट्याचा आगाऊपणा ‘आग’वरून, कारण ते आग लावतं. सर, आदर आहे, पण ही व्युत्पत्ती नव्हे, हा कीर्तनातला श्लेष झाला. माझं मत असं: आधी पैशाचा अर्थ, मग माणसाचा. हिशेबाच्या वहीत आगाऊ म्हणजे अजून ज्याचा हक्क झाला नाही ते उचललेलं. पंगतीत वाढण्याआधी ज्याने हात घातला, मोठी माणसं बोलत असताना ज्याने तोंड घातलं, त्याने पाळी नसताना उचल घेतली. म्हणून तो आगाऊ. इंग्रजीतही ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढचा आणि ‘फॉरवर्ड’ म्हणजे जरा जास्तच धीट, चावट. दोन भाषांना स्वतंत्रपणे एकच चीड आली. प्राध्यापक म्हणतात, याला पुरावा काय? पुरावा पंगतीत बसा, मिळेल.

हां, ताईंचा दुसरा प्रश्न.

शेजारच्या एका मुलाची क्लासची वही मी मध्यंतरी पाहिली. पानाला तीन रकाने: शब्द, अर्थ, वाक्य. ‘बिगिन’ खोडून ‘कमेन्स’, ‘ईट’ खोडून ‘कन्झ्यूम’, ‘यूज’ खोडून ‘यूटिलाइझ’. वरती शीर्षक: हाय लेव्हल वर्ड्स. मग सोमेश्वरच्या सहलीवरचा निबंध. त्यात पोरगं लिहितं, ‘वी कमेन्स्ड टु कन्झ्यूम अवर टिफिन.’ धबधब्याच्या कडेला बसून पोळीभाजी खाल्ली, एवढंच झालं होतं. वाचून वाटतं, डब्याचा पंचनामा चाललाय. आणि सरांनी बाजूला ‘व्हेरी गुड’ दिलंय.

शब्द वाईट नाहीत. भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेली 570 शब्दकुलांची (एक शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुल) यादी आहे, विद्यापीठातल्या विषयांच्या लिखाणात सगळीकडे भेटणाऱ्या शब्दांची. त्यात कमेन्स आहे, कन्झ्यूमही आहे. पण तिच्या पहिल्याच गटात काय आहे बघा: रिक्वायर, व्हेरी (बदलतो तो, ‘खूप’ नव्हे), अझ्यूम, इंडिकेट, सिग्निफिकंट, मेथड, फंक्शन. सेमी-इंग्रजीच्या विज्ञानाच्या पुस्तकात यातले शब्द पानोपानी सांडलेले असतात, आणि पोरं त्यांच्यावरून नजर सरकवून ‘सेस्क्विपिडेलियन’ पाठ करतात. वरचे शब्द म्हणजे अवघड शब्द, हा समज आधी काढा. या 570च्याही खाली आणखी एक पायरी आहे. मायकल वेस्ट यांनी 1953 साली सुमारे 2000 नित्याच्या शब्दांची यादी छापली. हे गृहस्थ बंगालमध्ये शिकवायचे, त्यामुळे आपल्याकडच्या वर्गात काय होतं ते त्यांना कळत होतं. ते 2000 नीट येत नसतील तर वरचा मजला हवेत.

नीट येणं म्हणजे काय? आपला ‘कडक’ घ्या. चहा कडक, ऊन कडक, इस्त्री कडक, हेडमास्तर कडक. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’, ऊन ‘स्कॉर्चिंग’, हेडमास्तर ‘स्ट्रिक्ट’. ‘पॉवरफुल टी’ कोणी म्हणत नाही, व्याकरणात बसत असलं तरी. वहीत ‘कडक म्हणजे स्ट्राँग’ एवढं लिहिलं तर पोरगी एक दिवस कडक इस्त्रीला ‘स्ट्राँग आयर्न’ करणार. तेव्हा शब्द एकटा टिपायचा नाही, त्याचा सोबती धरून टिपायचा: स्ट्रिक्ट टीचर, हेवी रेन, सिग्निफिकंट डिफरन्स. रोज वीस शब्द पाठ करायला लावणाऱ्यांशी माझं भांडण इथेच आहे. वीस शब्द सोमवारी येतात आणि गुरुवारी जातात.

वाचायला काय द्यावं यासाठी एक मोजमाप उपयोगी आहे. शब्दसंपदेचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या हिशेबाने कुणाच्या मदतीशिवाय नीट वाचायचं तर मजकुरातले 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नासात एक अनोळखी. साधारण अडीचशे शब्दांचं पान असेल तर पाच. पानावर वीस ठिकाणी अडखळली तर पुस्तक परत करा, सोपं आणा, त्यात कमीपणा काही नाही. गावात 1840 सालापासून सार्वजनिक वाचनालय आहे, विकत घ्यायचीही गरज नाही.

आणि वरचे शब्द हवेतच, तर घराण्याने घ्या. विज्ञानात ‘झायगोट’ आहे, म्हणजे दोन पेशी जुळून झालेली एक पेशी, मराठी पुस्तकात त्याला ‘युग्मनज’ म्हणतात. मुलं दोन्ही पाठ करतात आणि कोणी सांगत नाही की दोन्ही एकच आहेत! ग्रीक ‘झायगॉन’ म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. संस्कृत ‘युग’ म्हणजेही जू, आपला ‘जू’ त्याचाच झिजलेला अवतार, इंग्रजी ‘योक’ त्याचा भाऊ, लॅटिन ‘युगुम’ दुसरा भाऊ. रोमन सैन्य हरलेल्या शत्रूला भाल्यांच्या जुवाखालून वाकून चालायला लावायचं. ‘सब्जुगेट’ म्हणजे जुवाखाली आणणं. ‘कॉन्जुगल’ म्हणजे दांपत्याचं, एका जुवाला जोडलेल्यांचं. ‘जॉइन’, ‘जॉइंट’ आणि ‘जंक्शन’ त्याच धातूचे, म्हणजे मनमाड जंक्शनलाही हेच गोत्र. निफाड-दिंडोरीकडच्या ज्या पोराने घरी जू पाहिलंय, त्याला ‘सब्जुगेट’ पाठ करावा लागणार नाही, एकदा दाखवला की पुरे. ट्रॅक्टर आल्यापासून पाहिलेली पोरं कमी झाली, हे मात्र खरं.

एवढं वाचून काही मंडळी खूश होऊन लिहितील, बघा, इंग्रजी संस्कृतातूनच आली. आली नाही. संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यात सांगितलं ते इतकंच की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका समान मुळातून आल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नाही. बहिणी आहेत, आई-लेकी नव्हेत. नुसत्या आवाजावर तर मुळीच जाऊ नका. बदनाम, बदफैली यांतला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थ एक, उच्चार जवळपास एक, आणि नातं शून्य. निव्वळ योगायोग. म्हणून मुलीला घराण्याचा खेळ खेळू द्या, पण प्रत्येक नातं व्युत्पत्ती देणाऱ्या चांगल्या कोशात ताडून बघायची सवय लावा. मोबाइलवर येणाऱ्या साखळी-निरोपांना कोश म्हणत नाहीत.

‘आन्ते’च्या घरातला एक राहिला. फौजेच्या आघाडीला इंग्रजीत ‘व्हॅन’ म्हणतात, ‘व्हॅनगार्ड’मधला. तो फ्रेंच ‘अव्हान्त-गार्द’चा उरलेला तुकडा, म्हणजे आपल्या ‘ॲडव्हान्स’चा अगदी जवळचा, आणि ‘ड’ न चिकटलेला. मुलगी शाळेत ज्या व्हॅनने जाते ती मात्र या घरातली नाही. ती फारसी ‘कारवान’वरून आलेल्या ‘कॅरॅव्हॅन’चं शेपूट.