अमेरिकेत ईएमचं रोटेशन: हॉस्पिटलचं नाव की कामाचं पत्र?

तुझा प्रश्न असा: मुंबईत एमबीबीएसच्या फायनल इयरला आहेस, पुढे अमेरिकेत इमर्जन्सी मेडिसिनची (ईएम) रेसिडेन्सी, म्हणजे स्पेशालिटीचं प्रशिक्षण, करायची आहे, पैसे मात्र एकाच महिन्यापुरते आहेत. मग मोठ्या विद्यापीठात नुसती बघायची ऑब्झर्व्हरशिप करावी, की कुणी नावही न ऐकलेल्या शहरात स्वतः पेशंट बघायची हँड्स-ऑन इलेक्टिव्ह?

दुसरी. डोळे झाकून.

ईएममध्ये साध्या शिफारसपत्राने भागत नाही. लागतं ते एसएलओई, म्हणजे ठरावीक फॉर्मवरचं मूल्यमापन. त्यात बाकीच्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत तू कुठे बसतेस, हे विभागाला लिहावं लागतं. ज्या विभागाची स्वतःची ईएम रेसिडेन्सी आहे, तिथल्या फॅकल्टीने मिळून लिहिलेल्या पत्राला सगळ्यात जास्त वजन. ऑब्झर्व्हरशिपमध्ये पेशंटला हातच लावायचा नाही, मग तुलना कशाची करणार? म्हणून कोऑर्डिनेटरला पहिल्याच ईमेलमध्ये विचार: परदेशी विद्यार्थी घेता का, पेशंट आधी मी बघणार का, शेवटी एसएलओई मिळेल का. ‘पत्र देऊ’ असं मोघम उत्तर आलं तर पुन्हा विचार. पैसे भरल्यावर विचारून उपयोग नाही.

इंटर्नशिपमध्ये जाऊ, असं म्हणत असशील तर थांब. इंटर्नला विद्यार्थी धरायचं की पदवीधर, हे प्रत्येक हॉस्पिटल आपल्या नियमाने ठरवतं. शिवाय इंटर्नशिपमध्ये रजा 15 दिवसांचीच. चार आठवडे गेलीस की त्यावरच्या दिवसांइतकी इंटर्नशिप लांबते. रेसिडेन्सीचे अर्ज सप्टेंबरात जातात, तेव्हा त्या वर्षीचं पत्र हवं असेल तर ऑगस्टअखेर रोटेशन संपलेलं बरं.

बऱ्याच ठिकाणी स्टेप 1 (अमेरिकेच्या डॉक्टरी लायसन्स परीक्षेचा पहिला टप्पा) पास असल्याशिवाय दारात उभं करत नाहीत. व्हीएसएलओ या इलेक्टिव्हच्या ऑनलाइन अर्जव्यवस्थेत तुझं कॉलेज नसेल तर थेट अर्ज घेणारी हॉस्पिटलं शोधावी लागतील. मालप्रॅक्टिस (उपचारातल्या चुकीसाठीचा) विमा कोण काढणार, तेही लेखी घे. व्हिसा सहसा बी-1, निमंत्रणपत्रासह. रेसिडेन्सीचा जे-1 वेगळा.

खरी रखडपट्टी लसींच्या फॉर्मपायी होते. आपल्याकडे बीसीजी झालेली असते, त्यामुळे मांटू (टीबीची त्वचेवरची चाचणी) पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, खुलासे सुरू होतात. सरळ टीबीची आयजीआरए रक्तचाचणी कर. हेपॅटायटिस बीचे तीन डोस झाले एवढं पुरत नाही, अँटिबॉडी टायटर (रक्तातलं प्रमाण) 10 mIU/mL किंवा त्याहून जास्त लागतं. कमी आलं तर बूस्टर घेऊन महिना-दोन महिन्यांनी पुन्हा चाचणी. म्हणून हे काम अर्जाच्या आधीच उरकून टाक.

तिथे पोचल्यावर आपल्या वॉर्डातली वीस मिनिटांची हिस्ट्री विसर. समज, 54 वर्षांचा माणूस, छातीत दुखतंय. पहिल्या 10 मिनिटांत ईसीजी झालाय का बघ. मग अटेंडिंगला (ड्युटीवरच्या वरिष्ठ डॉक्टरला) दोन-तीन मिनिटांत सांग: तक्रार, जीव घेऊ शकेल असं काय काय (एमआय म्हणजे हार्ट अटॅक, महाधमनीचं डिसेक्शन, पल्मनरी एम्बोलिझम म्हणजे फुप्फुसात अडकलेली गुठळी), त्यातलं कशाने काय वगळणार, आणि अॅडमिट की घरी. एवढ्यावर आपल्याकडची बरीच हुशार मुलं मोकळी होतात. ट्रोपोनिनचा (हृदयाला इजा झाली का सांगणारी रक्तचाचणी) दुसरा रिपोर्ट आला का, दुखणं कमी झालं का, हे कुणी विचारायच्या आत जाऊन सांगणारा विद्यार्थी लक्षात राहतो. शिफ्ट संपताना त्याच अटेंडिंगकडून मूल्यमापनाचा फॉर्म भरून घे. दोन दिवसांनी त्यांना तुझा पेशंट आठवणार नाही.