एम.ए. समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी २०० जणांचा सर्व्हे केलाय, गणित कच्चं आहे. किती संख्याशास्त्र शिकावं लागेल?

फार नाही. टक्केवारी, मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा), क्रॉस टेबल (दोन प्रश्नांची उत्तरं एकत्र मांडणारा तक्ता) आणि काय-स्क्वेअर (तक्त्यातला फरक योगायोगाचा आहे का हे तपासणारी चाचणी) एवढ्यावर बहुतेक प्रबंध निभावतात. रिग्रेशनच्या (अनेक घटकांचा परिणाम एकत्र मोजण्याच्या पद्धतीच्या) मागे आत्ताच लागू नका.

समजा १०० बायकांपैकी ३० आणि १०० पुरुषांपैकी ४५ ग्रामसभेला जातात. टक्केवारी लिंगानुसार काढा: ३० टक्के विरुद्ध ४५ टक्के. उलटी काढलीत (जाणाऱ्या ७५ मध्ये बायका ४० टक्के), तर प्रश्नच बदलतो. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

आता काय-स्क्वेअर. बायका-पुरुषांत फरक नसता तर दोन्हीकडून ३७.५ जण गेले असते, ६२.५ गेले नसते. प्रत्येक चौकटीत प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यातला फरक (७.५) घ्या, वर्ग करा, अपेक्षित आकड्याने भागा. चारही मिळून १.५ + १.५ + ०.९ + ०.९ = ४.८. दोन बाय दोनच्या तक्त्यात ५ टक्के पातळीची मर्यादा ३.८४ (फरक मुळात नसताना याहून मोठा आकडा जेमतेम ५ टक्के वेळा येतो). ४.८ त्याहून जास्त, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही. पण ४.८ला २०० ने भागून वर्गमूळ काढलं तर संबंधाची ताकद कळते (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण); इथे ती ०.१५ येते. संबंध आहे, पण हलका, हेही लिहाच.

अपेक्षित आकडा ५ पेक्षा कमी असेल तर काय-स्क्वेअरऐवजी फिशरची चाचणी (लहान आकड्यांसाठीची) वापरा. 'लागू ते सर्व निवडा' छाप प्रश्नाला काय-स्क्वेअर सरळ चालत नाही, एकच माणूस अनेकदा मोजला जातो. उत्तर न देणाऱ्यांना ९९ कोड दिला असेल तर सरासरीआधी तो वगळा. आणि नमुना ओळखीपाळखीतून गोळा केला असेल, तर निष्कर्ष साऱ्या तालुक्याच्या माथी मारू नका.

ही आकडेमोड करायला जामोवी (jamovi) हे सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे.