लॅपटॉपच्या चार्जरची वायर सोलली असेल तर

आधी प्लग काढ, मग बघ वायर नेमकी कुठे सोलली आहे. भिंतीपासून अ‍ॅडॅप्टरच्या ठोकळ्यापर्यंतची असेल तर सुटलास: ती बहुतेक वेळा ठोकळ्यातून उपसून निघते, तीन भोकांच्या तोंडाची तशीच नवी आणायची, झालं. तिथे चिकटपट्टी गुंडाळून दिवस काढू नकोस, त्या भागात पूर्ण घरगुती वीज खेळत असते.

ठोकळ्यापासून लॅपटॉपपर्यंतची वायर मात्र सहसा आतून जोडलेली असते. ती तुटली की नवख्याने सरळ अख्खा अ‍ॅडॅप्टर बदलावा. जुन्यावर ‘आउटपुट’समोर, समजा, १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर लिहिलंय. नव्याचे व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर जास्त चालतील, कमी नकोत. पिनची जाडी आणि + − खुणांचं चित्रही जुळव. काही पिनांच्या मधोमध बारीक सुई असते, तिच्यातून लॅपटॉप अ‍ॅडॅप्टर ओळखतो. मी एकदा स्वस्तातला घेतला, लॅपटॉप चालू झाला पण बॅटरी चार्ज होईना!

आणि हो, नवी वायर ठोकळ्याभोवती करकचून गुंडाळू नकोस. जुनी बहुधा त्यानेच गेली.