बीएस्सी सोडून बी.कॉम.? आधी सीएचं गणित मांडा

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, नंतर पीयूसी सायन्स. ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा जमली नाही म्हणून बेळगावात बीएस्सीला (केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी) घातली. दोन सेम (सेमिस्टर) झाले, सरासरी ४८ टक्के, केमिस्ट्री दोन्ही सेमला राहिली. आता म्हणते बी.कॉम. करून सीए व्हायचं. तिचा मामा म्हणतो, बीएस्सी पुरी कर आणि बी.एड. कर. वर्ष वाया जाऊ द्यावं का?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. केमिस्ट्री नको हा एक आणि सीए व्हायचंय हा दुसरा. सीएसाठी बी.कॉम.ची अट मुळात नाहीच. बारावी म्हणजे तुमची पीयूसी, कुठल्याही शाखेची, पास असली की फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा देता येते. पदवीधराला फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला, म्हणजे पुढच्या टप्प्याला जाता येतं. त्यासाठी कॉमर्सवाल्यांना ५५ टक्के लागतात, इतर पदवीधरांना ६०.

आता आकडेमोड करा. सहाही सेमचं वजन सारखं धरलं, तर ४८ वरून एकूण ६० वर यायला उरलेल्या चार सेममध्ये सरासरी ६६ पडायला हवेत, शिवाय केमिस्ट्रीचे दोन्ही बॅकलॉग सुटायला हवेत. ज्या विषयाला ती कंटाळलीय त्यातच हे करायचं. म्हणून बीएस्सी पुरी करून थेट प्रवेश मिळवायचा हा रस्ता तिच्यासाठी मी धरत नाही. फाउंडेशनचा रस्ता मात्र आजही खुला आहे.

पण त्याआधी केमिस्ट्री का राहिली ते शोधा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पीयूसी सायन्सला इंग्रजीची धडक बसते. संकल्पना कळते, उत्तर लिहिता येत नाही. तिच्या बाबतीत असंच असेल, तर बी.कॉम.ला गेल्याने ते सुटणार नाही, कारण तिथेही शिकवणं आणि पेपर बहुतेक इंग्रजीतच. फाउंडेशनचे अकाउंटिंग आणि बिझनेस लॉ हे दोन पेपर वर्णनात्मक असतात, इंग्रजीत किंवा हिंदीत लिहावे लागतात. कायद्याच्या पेपरात भाषा कच्ची असेल तर मार्क तिथेच जातात. बाकीचे दोन (गणित-तर्क-संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र) वस्तुनिष्ठ, चुकीच्या उत्तराला पाव मार्क वजा. चारही पेपर शंभराचे. प्रत्येकात ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. दोन अटी एकदमच. एका पेपरात ३८ आले की बाकीचे चांगले असूनही नापास.

चाचणी साधी आहे. कॉमर्सच्या कुणाकडून पीयूसी पहिल्या वर्षाचं अकाउंटन्सीचं पुस्तक आणा. पंधरा दिवस जर्नल (रोजच्या नोंदी), लेजर (खातेवही), ट्रायल बॅलन्स (दोन्ही बाजूंची बेरीज जुळते का ते पाहणारा तक्ता) एवढंच करू द्या, क्लास न लावता. ट्रायल बॅलन्स जुळला नाही की चूक शोधत बसते की वही मिटते, हे बघा. चूक शोधत बसली, तर पुढं जाऊ द्या.

मग दोन वाटा. पहिली, नियमित बी.कॉम.ला पहिल्या सेमपासून प्रवेश. सायन्सची पीयूसी त्याला चालते. पहिल्या वर्षीचे भाषांचे मार्क धरले जातील का, हे नव्या कॉलेजच्या ऑफिसात विचारा. धरले तर तेवढे पेपर वाचतात, पण बी.कॉम.चे मुख्य विषय सगळे नव्यानेच. दुसरी, दूरशिक्षणातून बी.कॉम. आणि दिवसभर सीएचा अभ्यास. हे मी फाउंडेशन निकालानंतर सुचवेन, कारण घरून एकटीने दोन्ही रेटणं पहिल्या वर्षी अवघड जातं. बीएस्सी चालू ठेवून सोबत दूरशिक्षणातून दुसरी पदवी घ्यायला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०२२ पासून परवानगी आहे खरी, पण बॅकलॉग असलेल्या मुलीला मी तो सल्ला देणार नाही.

कागदपत्रांत नेहमी एकच घोटाळा होतो. लोक रागाने आधी टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) काढतात, मग नव्या कॉलेजात जागा नसते. जागा पक्की झाल्यावरच टीसी काढा. यूयूसीएमएस या कर्नाटकातल्या विद्यापीठ-कॉलेज प्रवेशांच्या पोर्टलवर जुना प्रवेश रद्द झाल्याची नोंद करून घ्या, नाहीतर नव्या प्रवेशाला तीच नोंदणी आडवी येते. दोन्ही सेमची मार्क्स कार्डं जपून ठेवा. स्कॉलरशिप घेत असाल तर त्या खात्याच्या कचेरीत आधी विचारा. बहुतेक योजना त्याच पातळीचं वर्ष पुन्हा केल्यास पैसे देत नाहीत, आणि हे लोकांना फॉर्म नाकारल्यावरच कळतं.

गडहिंग्लज-चंदगडकडे शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजातही बी.कॉम. होतं, पण विद्यापीठ बदलतं म्हणून मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल. महाराष्ट्राने दावा केलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांची सवलत साध्या बी.कॉम.ला मिळते का, हे गृहीत धरू नका, त्या कॉलेजातच विचारा. 

मामांचा सल्ला वाईट नाही. बी.एड.लाही पदवीत साधारण ५० टक्के लागतात आणि बॅकलॉग सुटलेले लागतात, एवढं त्यांना सांगा. मुलीला शिकवायला आवडतं का, हे तुमच्या पत्रात कुठेच आलं नाही.

फाउंडेशनची नोंदणी परीक्षेच्या चार महिने आधी झालेली असावी लागते. परीक्षा वर्षातून तीनदा होते, त्यामुळे पंधरा दिवसांची चाचणी आधी आणि नोंदणी नंतर, असा क्रम ठेवलात तरी संधी हुकत नाही. बी.कॉम.च्या प्रवेशाची शेवटची तारीख मात्र थांबत नाही, ती आजच कॉलेजात विचारून घ्या.