सासऱ्यांची एफडी, बायकोची नोकरी आणि बाळाचा ओठ

हडपसरच्या एका वाचकाने लिहिलंय: मुलगी तीन आठवड्यांची, ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले. खासगी रुग्णालयाने दोन शस्त्रक्रियांचा मिळून २ लाख ४० हजारांचा अंदाज दिलाय. एसटीतून निवृत्त झालेले सासरे त्यांची ६ लाखांची एफडी मोडायला निघालेत. पत्नी महिना ३४ हजारांची नोकरी सोडू म्हणते. तिने गरोदरपणी ग्रहणात विळी धरली म्हणून हे झालं, असं सांगून आत्याबाई २१ हजारांची ग्रहणशांती करायला लावताहेत. सासऱ्यांचे पैसे घ्यावेत का?

नको. निदान आत्ता तरी नको. पण मला एफडीपेक्षा ती नोकरीची ओळ जास्त खटकली. ३४ हजारांप्रमाणे वर्षाचे ४ लाख ८ हजार होतात. २ लाख ४० हजारांसाठी घरात बैठका चालल्यात आणि त्याच्या दीडपटीहून मोठी रक्कम दरवर्षी सोडायचा विषय तुम्ही एका ओळीत संपवलात!

वेळापत्रक बघा. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांची असताना होते. प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे. पत्नीने बाळंतपणाआधी फारशी वापरली नसेल तर ओठाचं काम रजेतच उरकेल. टाळूचं ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान. तेव्हा तुम्ही रजा काढा, सासूबाईंना महिनाभर बोलावून घ्या. माहेरची खरी मदत ती. वाटी-चमच्याने किंवा खास बाटलीने तासन्‌तास दूध पाजायला माणूस लागतं, पैसे नाही.

शिवाय खर्च शस्त्रक्रियेवर थांबत नाही. पुढे कानांची तपासणी, स्पीच थेरपी, बहुधा आठ ते अकराव्या वर्षी हिरडीत हाड भरण्याची शस्त्रक्रिया, दातांच्या तारा. हे सगळं दहा-पंधरा वर्षांवर पसरलेलं. त्याला एकरकमी एफडी नाही, दरमहा येणारा पगार लागतो.

आणि मुळात ते २ लाख ४० हजार भरावेच लागतील असं नाही. स्माइल ट्रेन ही संस्था भागीदार रुग्णालयांमधून ही शस्त्रक्रिया मोफत करून देते. पुण्यात जवळचं कुठलं ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे, त्याची चौकशी सरकारी रुग्णालयात होईल. मोफत म्हणजे कामचलाऊ, असं समजू नका. सर्जन वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करतात, हा प्रश्न खासगीतही विचारा आणि मोफत ठिकाणीही.

ऑफिसच्या ग्रुप विम्यात बाळाचं नाव याच आठवड्यात घाला, मुदत बहुधा थोडीच असते. एचआरकडून 'बाह्य जन्मजात व्यंग' कव्हर आहे का, हे लेखी घ्या; वैयक्तिक पॉलिसीत ते अनेकदा वगळलेलं असतं.

एवढं करूनही खासगीतच जायचं ठरलं, तर एफडी मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती तारण ठेवून बँकेचं कर्ज, काढा. व्याज ठेवीच्या दरापेक्षा थोडंसंच जास्त पडतं. हप्ते तुम्ही भरा, ठेव सासऱ्यांच्याच नावावर राहू दे. तुटपुंज्या पेन्शनवर जगणाऱ्या माणसाचा म्हातारपणचा आधार आहे तो.

आत्याबाई म्हणतात त्या २१ हजारांच्या ग्रहणशांतीबद्दल: ओठ जुळतो तो गरोदरपणाच्या पहिल्या दोन महिन्यांत, आणि तो न जुळण्याशी ग्रहणात विळी धरण्याचा संबंध नाही. तुमच्या पत्नीला हे घरातल्या कुणीतरी सगळ्यांसमोर सांगायला हवं. तुम्हीच सांगा. ते २१ हजार स्पीच थेरपीसाठी वेगळे काढून ठेवा.