वाचकांचे प्रश्न : कपाटातला सिम्बियन (नोकियाच्या जुन्या स्मार्टफोनची ऑपरेटिंग सिस्टीम)

प्रश्न : वडिलांच्या नोकिया ई६३ मध्ये साडेचारशे नंबर आहेत, बरीच नावं मराठीत. सिमवर कॉपी केले तर निम्मेच येतात आणि नावं तुटतात. काय करावं? (एक वाचक, कराड)

उत्तर : सिमचा नाद सोडा. सिमवर साधारण २५० नोंदी मावतात, बहुधा एका नोंदीत एकच नंबर, आणि नावाला जेमतेम १४ इंग्रजी अक्षरांची जागा. देवनागरीला त्याच्या दुप्पट जागा लागते, शिवाय काना, मात्रा, पायमोड हे सगळे वेगळे मोजले जातात. त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’मधलं ‘ज्ञाने’ एवढंच उरू शकतं.

फोनमध्ये मायक्रोएसडी कार्ड घाला. कॉन्टॅक्ट्स उघडून ऑप्शन्समधून सगळी नावं मार्क करा आणि कॉपी करताना मेमरी कार्ड निवडा. कार्डावर ‘अदर्स’ फोल्डरच्या आत ‘कॉन्टॅक्ट्स’ फोल्डर तयार होतो, त्यात प्रत्येक नावाची एक व्हीकार्ड (नाव-नंबर साठवणारी) फाईल असते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘कॉपी’ आज्ञेने या सगळ्या फायली जोडून एक करा. जोडलेली फाईल मात्र दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर पुन्हा आज्ञा दिली की तीही स्वतःतच मिसळते. मग ती अँड्रॉइड फोनवर टाकून तिथल्या कॉन्टॅक्ट्स ॲपमधून इम्पोर्ट करा.

ती फाईल एक्सेलमध्ये उघडण्याचा मोह टाळा. ही व्हीकार्डची जुनी २.१ आवृत्ती आहे. तिच्यात नुसता ‘र’ हा ‘=ई०=ए४=बी०’ असा, म्हणजे नऊ चिन्हांत लिहिलेला असतो. एका ओळीत ७६ चिन्हं, म्हणून आठेक अक्षरांनंतर ओळ मोडते आणि शेवटी एक सुटं ‘=’ येतं. ते वाचून ओळी सांधायला विसरणारे प्रोग्रॅम नाव तिथेच कापतात.

जुने एसएमएस हवे असतील तर आधी पीसी सूट या नोकियाच्या संगणकावरच्या प्रोग्रॅमने बॅकअप घ्या. ती फाईल ‘एनबीयू एक्सप्लोरर’ या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडते.

प्रश्न : जतन केलेली एसआयएस फाईल (सिम्बियन ॲपची इन्स्टॉल फाईल) टाकताना सर्टिफिकेटची मुदत संपल्याचा संदेश येतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : फाईल बिघडलेली नाही, तिच्यावरच्या डिजिटल सहीची, म्हणजे सर्टिफिकेटची, मुदत संपली आहे. ॲप मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन ‘ऑल’ ठेवा आणि ऑनलाइन सर्टिफिकेट तपासणी बंद करा. मग फोनची तारीख ते ॲप निघाल्यानंतर महिना-दोन महिन्यांवर न्या. उगाच २००० साल लावू नका, कारण सहीच्या आधीची तारीख दिली तर ‘सर्टिफिकेट अजून वैध नाही’ अशी उलटी तक्रार येते. ही तपासणी ॲप टाकतानाच होते, त्यामुळे नंतर तारीख खुशाल पूर्ववत करा.

फोनच अडकत असेल आणि *#७३७०# दाबून सगळं पुसायचं असेल, तर आधी वरची कॉपी करून घ्या. लॉक कोड कधी बदललेला नसेल तर तो १२३४५.

प्रश्न : एन७० दहा वर्षांनी सुरू करायचा आहे. जुनी बॅटरी चालेल का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : एन७० ची बीएल-५सी बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवा आणि बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखी गरगरली तर ती फुगली आहे. चार्ज करू नका, टोचू नका, ई-कचऱ्यात द्या. नवी सहज मिळते, कारण छोटे रेडिओ आणि स्पीकरही तिच्यावरच चालतात. एन७३ ची बीपी-६एम शोधायला जास्त फिरावं लागेल. नव्या बॅटरीवरही फोन दाद देत नसेल तर फोनच्या आतले पितळी पाय खोडरबरने हलके घासा.

जिओचं सिम घालून पाहू नका. जिओकडे या जुन्या फोनला लागणारं २जी, ३जी नाहीच.

प्रश्न : सिम्बियनमधलं आज काय शिल्लक आहे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सॉयन या कंपनीच्या ईपॉक या ऑपरेटिंग सिस्टीममधून १९९८ मध्ये सिम्बियन कंपनी उभी राहिली, तेव्हा फोनची मेमरी चमच्याने मोजावी इतकी होती. फोन महिनोन्‌महिने बंद न करता चालायचा, म्हणून मेमरीचा एक थेंबही गळणं परवडत नसे. प्रोग्रॅमरला मेमरीत घेतलेली वस्तू ‘क्लीनअप स्टॅक’वर नोंदवावी लागे. मध्येच काम फसलं तर तिथून ती मोकळी केली जाई. ही काटकसर उत्तम होती, पण साधं ॲप लिहायलाही घाम फुटे. आयफोन आल्यावर हाच जाच अंगाशी आला, असं आमचं मत. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टचा हात धरला. २०१२ चा ८०८ प्युअरव्ह्यू हा नोकियाचा शेवटचा सिम्बियन फोन.

पण त्याच फोनात ४१ मेगापिक्सेलचा सेन्सर होता आणि तो अनेक पिक्सेल एकत्र करून ५ मेगापिक्सेलचा स्वच्छ फोटो देई. आजचे २०० मेगापिक्सेलवाले फोन पिक्सेल जोडतात ते याच हिशेबाने. जुनी ॲप्स आणि एन-गेज या नोकियाच्या गेमिंग फोनचे खेळ पाहायचे असतील तर ‘ईकेए२एल१’ हा एम्युलेटर (जुन्या फोनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) संगणकावर आणि अँड्रॉइडवर चालतो. त्याला मूळ फोनची रॉम, म्हणजे फोनमधलं मूळ सॉफ्टवेअर, लागते, म्हणून चालू हँडसेट भंगारात देण्याची घाई करू नका.