ऑडिशनला निघण्याआधी: वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

यावेळी पत्रांचा ढीग ॲक्टिंग आणि मॉडेलिंगचाच आहे, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकात. मी ९ वर्षं कास्टिंगमध्ये काढली, त्यातली बरीचशी कॅमेऱ्याच्या बाजूला बसून समोरच्याचे डायलॉग वाचण्यात गेली. तर जे सांगतेय ते त्या खुर्चीतून दिसलेलं आहे, स्टार कसं व्हायचं ते मला माहीत नाही, असतं तर मी इथे उत्तरं लिहीत बसले असते का!

प्रश्न: ताई, मी २० वर्षांची आहे. एका मॉडेलिंग एजन्सीने इन्स्टाग्रामवर मेसेज केला, तुझा चेहरा आमच्या क्लायंटला आवडलाय म्हणाले. ऑफिसला गेले तर रजिस्ट्रेशन फी भरा आणि आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करून घ्या म्हणतायत, आजच्या आज भरले तर डिस्काउंट. पप्पा नको म्हणतायत. काय करू?

उत्तर: पप्पांचं ऐक.

अगं हिशोब साधा आहे. एजन्सी कमावते ती तुझ्या कामाच्या पैशातून कमिशन कापून. अमेरिकेत कलाकारांच्या युनियनचे मान्यताप्राप्त एजंट १० टक्के घेतात, मॉडेलिंग एजन्सीचं साधारण २० टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे तुला काम नाही तर त्यांनाही दमडी नाही, म्हणूनच ते तुझ्यासाठी दहा ठिकाणी फोन करतात. आता ज्याने आधीच पैसे घेतले त्याला तुला काम मिळालं काय नि नाही मिळालं काय, त्याचा धंदा तू दारातून आत आलीस तेव्हाच झाला. कॅलिफोर्नियात तर २०१० पासून कायदाच आहे की काम मिळवून देतो म्हणून कलाकाराकडून आगाऊ फी घ्यायची नाही, इतका हा जुना आणि सगळीकडचा उद्योग आहे. आणि ते "आजच्या आज" काय असतं? क्लायंटला खरंच चेहरा आवडलाय तर तो उद्या सकाळी पण आवडेल ना.

एक मात्र आहे. काही खऱ्या एजन्सी टेस्ट शूटचा, म्हणजे सुरुवातीच्या नमुन्याच्या फोटोंचा, खर्च स्वतः करतात आणि नंतर तुझ्या कमाईतून वळता करतात, हे चालतं, पण ते कागदावर पाहिजे, आणि कामच मिळालं नाही तर तो खर्च कोणाच्या डोक्यावर हे आधी विचारून घ्यायचं. कागद घरी नेऊन वाचू देत नसतील तर उठायचं आणि निघायचं.

पोर्टफोलिओची सुरुवातीला गरजच नसते. एजन्सीवाले मागतात ते डिजिटल्स, जुने लोक अजून पोलरॉइड म्हणतात. मेकअप नाही, केस मागे बांधलेले, अंगाला बसणारे साधे कपडे, मागे रिकामी भिंत आणि समोर खिडकीचा उजेड. चेहरा जवळून, समोरून पूर्ण उभी, दोन्ही बाजूंनी, पाठमोरी, एक हसून. फोनवर भावाने काढले तरी चालतात, फक्त फिल्टर लावायचा नाही, कारण त्यांना बघायचं असतं तू प्रत्यक्ष दारात उभी राहिल्यावर कशी दिसशील ते. मी १९ ची असताना एका ठिकाणी पैसे भरून अल्बम केला होता (नाव नाही सांगत, आता ते दुकान बंद आहे), प्रत्येक फोटोत वेगळा विग, वेगळ्या भुवया. अल्बम घरी आला तेव्हा आईने पहिलं पान उघडून विचारलं, ही कोण?

प्रश्न: मी आत्तापर्यंत ४० तरी सेल्फ टेप (घरीच फोनवर शूट केलेली ऑडिशन) पाठवल्या असतील, एकाचंही उत्तर नाही. नाटकातले मित्र म्हणतात ॲक्टिंग भारी आहे तुझी. मग चुकतंय कुठे? सोबत एका टेपची लिंक देतोय.

उत्तर: आधी हे घे, उत्तर न येणं हेच उत्तर असतं, "तुम्ही सिलेक्ट झाला नाहीत" असं कळवायला कोणाला वेळ नसतो आणि त्यात तुझा अपमान बिपमान काही नाही.

आता टेप. बघितली, तीनदा बघितली. पहिले १२ सेकंद तू फोन नीट लावतोयस, हे कापून टाक, तिकडे बसलेला माणूस दिवसाला शेकड्याने टेप बघतो आणि त्याचं बोट पुढच्या फाइलवरच असतं. खिडकी तुझ्या मागे आहे म्हणून चेहरा काळा पडलाय, खिडकी समोर घे. डायलॉग वाचणारा मित्र फोनला चिकटून उभाय त्यामुळे त्याचा आवाज तुझ्या दुप्पट येतोय, त्याला हळू वाचायला सांग आणि त्याचं डोकं लेन्सच्या अगदी बाजूला, तुझ्या डोळ्यांच्या लेव्हलला आण. बघायचं त्याच्याकडे, लेन्समध्ये नाही. लेन्समध्ये फक्त सुरुवातीला नाव, वय, उंची सांगताना, किंवा मागितलं असेल तर. फोन आडवा, छातीपासून वर फ्रेम, आणि ईमेलमध्ये फाइलचं नाव कसं ठेवायचं ते लिहिलेलं असतं, तसंच ठेवायचं. तू पाठवलेल्या फाइलचं नाव "फायनल फायनल २" आहे रे बाबा.

हे झालं बाहेरचं. सीन असा आहे की मुलाला बापाला सांगायचंय की मी नोकरी सोडली. तू पहिल्या वाक्यालाच रडायला लागलास! मग पुढची दीड मिनिटं तुला जायला जागाच उरली नाही, तेच रडणं ताणत बसलास. त्या पोराला रडायचं नाहीये, त्याला सांगायचं आहे आणि सांगवत नाहीये, रडू आलं तर ते त्याला लपवायचंय. शिवाय स्टेजवर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची तुला सवय आहे, इथे शेवटची रांग तुझ्यापासून ३ फुटांवर आहे, भुवई हलली तरी आरडाओरडा वाटतो.

पण १ मिनिट १० सेकंदांपाशी एक गंमत आहे. तिथे तू वाक्य विसरलास. मित्राकडे बघितलंस, ओठ उघडून मिटलेस आणि दोन सेकंद खरोखर वाट बघितलीस की आता हा काय म्हणतो. पूर्ण टेपमध्ये तेवढेच दोन सेकंद मी बापासमोर उभा असलेला मुलगा बघितला. तिथून परत सुरू कर. समोरच्याचं वाक्य पहिल्यांदाच ऐकतोयस असं ऐकायचं, त्यासाठी स्वतःची वाक्यं इतकी पाठ पाहिजेत की भांडी घासताना म्हणता आली पाहिजेत.

आणि तरीही होणार नाही, बऱ्याचदा. हिरोईन आधीच ठरलेली असते आणि तू तिच्यापेक्षा बुटका असतोस, नाहीतर तुझा चेहरा हिरोच्या मित्राचा रोल मिळालेल्या माणसासारखाच असतो. आम्ही एकदा एका मुलाला, सगळ्यांत चांगलं केलं होतं त्याने, फक्त यासाठी घेतलं नाही की तो बाप म्हणून घेतलेल्या नटाचा मुलगा वाटेना. त्याला ते कधीच कळलं नाही.

प्रश्न: माझी उंची ५ फूट ३ इंच आहे, मॉडेल होता येईल का? वजन किती कमी करू?

उत्तर: रॅम्पवर अवघड आहे, खोटं कशाला सांगू. तिथे मुलींची उंची साधारण ५ फूट ८ ते ५ फूट ११ आणि मुलांची ६ फुटांच्या पुढे मागतात, कारण सॅम्पल कपडे एकाच मापात शिवलेले असतात आणि त्या मापात बसणारं माणूस शोधलं जातं. पण जाहिराती, कॅटलॉग, ऑनलाइन शॉपिंगचे फोटो, हातांचं मॉडेलिंग, इथे उंचीचा एवढा बाऊ नसतो, तिथे चेहरा, त्वचा, दात आणि न कंटाळता साठ कपडे बदलायची तयारी बघतात.

वजनाचा प्रश्न मला आवडला नाही. उपाशी राहून उंची वाढत नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं आणि जाहिरातीतल्या फोटोत शरीर बारीक किंवा जाड करून दाखवलं असेल तर तसं फोटोवर लिहावं लागतं, हे नियम उगाच नाही आले. तू जे फोटो बघून वजन ठरवतेयस त्यातली कंबर त्या बाईची तरी आहे का?

प्रश्न: ऑडिशन रात्री ९ वाजता हॉटेलच्या रूमवर आहे, जाऊ का?

उत्तर: नाही. ऑडिशन दिवसा, ऑफिसात किंवा स्टुडिओत होते, सोबत कोणाला तरी न्यायची मुभा असते, आणि पहिल्या भेटीत कपडे काढायला कोणी सांगत असेल तर ते ऑडिशन नाहीच. खरोखरच्या जवळिकीच्या सीनसाठीसुद्धा आता बऱ्याच सेटवर इंटिमसी को-ऑर्डिनेटर, म्हणजे असे सीन कलाकारांच्या संमतीने नीट करून घेणारा माणूस असतो, काय दाखवणार, काय नाही ते आधी लिहून ठरतं.

प्रश्न: माझा मुलगा ८ वर्षांचा आहे, जाहिरातीत काम मिळतंय. पैशांचं कसं करावं?

उत्तर: त्याच्या नावाने वेगळं खातं उघडा आणि विसरून जा. जॅकी कूगन नावाचा पोरगा होता, १९२१ मध्ये चार्ली चॅप्लिनबरोबर सिनेमात झळकला, लाखो कमावले, मोठा होऊन बघतो तर आई आणि सावत्र बापाने उडवलेले. त्याने १९३८ मध्ये कोर्टात खेचलं आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात कायदा आला, आज तिथे बालकलाकाराच्या कमाईतले १५ टक्के बाजूला ठेवावेच लागतात. तुम्ही १०० टक्के ठेवा, घर त्याच्यावर चालवू नका. आणि शूटला सकाळी तो स्वतः उठत नसेल, रोज ओढून न्यावं लागत असेल, तर बंद करा.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी एक जाहिरात केली, एकदाच पैसे मिळाले, अजून माझा फोटो सगळीकडे दिसतोय. काही करता येईल?

उत्तर: कागदावर काय आहे त्यावर आहे. कॉन्ट्रॅक्ट काढ आणि चार गोष्टी शोध, फोटो कुठे कुठे वापरणार, कोणत्या देशांत, किती काळ, आणि त्या काळात दुसऱ्या कंपनीचं काम तुला करता येतं का. काळ संपला असेल तर ईमेल कर, फोन नको, ईमेलच, तारखेसकट फोटो जोड आणि वाढीव वापराचे पैसे माग, बरेचदा देतात कारण चूक त्यांच्याकडच्या कोणाच्या तरी विसरण्यामुळे झालेली असते. "कायमस्वरूपी" असं लिहिलं असेल तर मात्र हात टेकले. आणि पुढच्या वेळी स्कॅन हा शब्द पण शोध, चेहरा आणि शरीर स्कॅन करून कॉम्प्युटरवर तुझी कॉपी बनवायची परवानगी त्यातच घुसडलेली असते. २०२३ मध्ये हॉलिवूडचे कलाकार ११८ दिवस संपावर बसले त्यात हा एक मोठा मुद्दा होता. तुझ्याकडे कॉन्ट्रॅक्टची कॉपीच नाही असं पत्रात खाली बारीक अक्षरात लिहिलंयस, तर आजच ती माग, बाकीचं नंतर.